सासऱ्यांचे कान आणि दाबलेल्या फाइली

सोमवार

आज कॉम्प्युटरने हात टेकले. 'जागा शिल्लक नाही' एवढं म्हणाला आणि ढिम्म बसून राहिला. मी दुकानाची नवी जाहिरात तयार करत होतो (आमच्या गादीवर झोपा, उठायचं तुम्ही बघा), ती ठेवायला तसूभर जागा नाही. शोधलं तर निम्म्याहून जास्त जागा सासऱ्यांनी अडवलेली. वरच्या मजल्यावर ते राहतातच, आता कॉम्प्युटरमध्येही पाय पसरून बसलेत.

सासरे पियानो जुळवतात. जन्मभर तेच केलं. पियानो म्हणजे त्यांच्या दृष्टीने पेशंट. सूर जुळवून झाले की त्यावर नेहमीची एक छोटी धून वाजवायची, ती रेकॉर्ड करायची आणि शेवटी गंभीर आवाजात सांगायचं, "बेकरीवाल्यांचा पियानो. आता बरा आहे." एखादा अगदीच हाताबाहेर गेलेला असला तर, "शाळेचा पियानो. अजून काम आहे." अशा ढीगभर टेपा होत्या. बायको लहानपणी हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्यामागून जायची, त्यामुळे निम्म्या टेपांत मागे तिची बडबड. टेपा आता तुटून, चिकटून कामातून गेल्या. पण त्याआधी तिने चिकाटीने सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या, पूर्ण आकारात.

"लहान करता आल्या तर कर," ती म्हणाली. "पण एक जरी पुसलीस ना, तर बघ."

म्हणजे काय बघू, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

बुधवार

सापडला! एनकोडर म्हणतात त्याला. आवाजाची फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम. ना चित्र, ना बटण. नुसती काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी एक रेघ. आपण हुकूम लिहायचा, एंटर मारायचं, की तो निमूट कामाला लागतो. दुकानात माझं कुणी इतकं ऐकत नाही. घरचा तर विषयच नको.

त्यामागचं तत्त्व मला झटक्यात कळलं. गाद्यांच्या धंद्यात उगाच केस पिकवले नाहीत. आम्ही भली थोरली गादी हवा काढून, गुंडाळून नळकांड्यात बसवतो. गिऱ्हाईक घरी नेऊन वेष्टन फाडतं, आणि गादी पुन्हा टम्म फुगते. फाइलचंही तेच. दाबायची, ठेवून द्यायची, वाजवताना ती फुगणारच. एनकोडरच्या माहितीपत्रकात 'एकदा वगळलेला आवाज परत मिळत नाही' असं काहीतरी लांबलचक लिहिलं होतं. आम्हीही वेष्टनावर काय काय छापतो. कोण वाचतं?

गुरुवार

सासऱ्यांची परवानगी काढायला वर गेलो. त्यांनी लग्नापासून आजतागायत मला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. मी केलेल्या चहाबद्दल एकदा "गरम आहे" म्हणाले होते, ते मी अजून विसरलेलो नाही. मला कायम "तुम्ही" म्हणतात, तेही पोस्टमनला म्हणावं तसं. पण गेल्या महिन्यापासून जरा फरक पडलाय. मी मधोमध कापलेला गादीचा नमुना घरी आणून त्यांना आतले थर आणि स्प्रिंगा समजावून सांगितल्या होत्या. आधी चुळबुळ चालली होती. मी मध्येच पाणी प्यायला गेलो आणि येऊन बघतो तर गडी एकदम शांत. पुढे सगळं ऐकून घेतलं. हूं नाही की चूं नाही. तेव्हापासून मला वाटतं, त्यांना माझी किंमत कळायला लागली आहे.

मी माझ्या दुकानी आवाजात सगळी योजना सांगितली. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मग म्हणाले, "जावईबापू, माझ्या कानाला फरक कळला, तर तुमची ती काळी खिडकी कायमची बंद."

या कानांची कीर्ती मोठी आहे. शेजारच्या घरात पंखा लागला तर तो कुठल्या सुरात फिरतोय ते हे सांगतात. म्हणजे परीक्षा कडक. पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही.

शुक्रवार

पहिली परीक्षा पास! आधी मूळ फाइल लावली, मग दाबलेली. एनकोडरला एक आकडा सांगायचा असतो, आवाजाच्या प्रत्येक सेकंदाला किती जागा द्यायची तो. आज घाबरत घाबरत तीनशे वीस दिला होता. भरपूर असतो म्हणे.

सासरे शेवटपर्यंत माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. धून संपल्यावर मी श्वास रोखून विचारलं, "फरक?"

"उत्तम," ते म्हणाले. "काही फरक नाही."

उत्तम! मला! मला आकाश ठेंगणं झालं. खाली येऊन बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बाबांची तब्येत बरी आहे ना?"

शनिवार

आज आकडा एकशे अठ्ठावीस. "उत्तम."

नमुन्याची गादी दुकानात परत नेली. एका कोपऱ्यातून कापूस उचकटलेला निघाला. मालक माझ्यावर उखडले. मी म्हटलं, उंदीर असेल.

रविवार

चौसष्ट. "उत्तम." दुपारी हाव सुटली म्हणून बत्तीस. "अत्युत्तम!"

बायको दारात उभी होती. "अरे, हा पियानो पाण्याखाली वाजतोय का?"

"तुझे कान आणि बाबांचे कान," मी म्हटलं, "यात कुणाचं ऐकायचं?" ती वडिलांकडे बराच वेळ बघत राहिली.

सासूबाईही आज वेगळंच बोलल्या. "हे आताशा भांडतच नाहीत रे. काल मी त्यांच्या बहिणीवरून इतकं बोलले, इतकं बोलले, तर मान डोलावून 'बरोबर आहे तुझं' म्हणाले. मी घाबरलेच." मी त्यांना समजावलं की संगीताच्या साधनेने माणूस उतारवयात शांत होतो. आत किटली शिट्टी मारून मारून दमली होती आणि शेजारीच बसलेले सासरे पेपर वाचत होते. याला म्हणतात एकाग्रता.

मंगळवार

आठ! एनकोडर याच्या खाली जातच नाही. मी त्याच्या वरताण निघालो.

लावल्यावर सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय बिघडलं? पाण्याची मोटार का?" सासऱ्यांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उत्तम. काही फरक नाही."

जगातला सगळ्यात तिखट कान माझ्या बाजूने आहे. मला तर आता शंका येते की एनकोडर बनवणाऱ्यांनाही आपण काय बनवलंय ते नीट कळलेलं नाही. त्यांना कळवलं पाहिजे. खाली येऊन सगळ्या फाइलींना एकाच ओळीचा हुकूम सोडला: आकडा आठ, आणि काम झालं की मूळ फाइल काढून टाक. काळ्या खिडकीत नावं भराभर वर सरकत गेली. बेकरीवाले, शाळा, दातांचे डॉक्टर, सगळे रांगेने गेले. संपल्यावर कॉम्प्युटर इतका रिकामा झाला की माझाच जीव हलका झाला. जाहिरातही बसली.

बायकोला आत्ताच सांगत नाही. तिला गादीचं तत्त्व समजवायला निवांत वेळ लागेल.

गुरुवार

शनिवारी मोठ्या सभागृहात मैफल आहे. तिथला पियानो जुळवायला सासऱ्यांना मी गाडीतून नेलं. व्यवस्थापकबाई त्यांच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचे कान शाबूत आहेत तोवर आम्हाला दुसरा माणूस नको. काही चुकलं तर मात्र सगळ्या गावासमोर चुकेल हं." सासरे नुसते हसले. पण ते हसू काही मला आवडलं नाही. दात दुखत असताना फोटोसाठी हसावं तसं होतं.

त्यांची काम करण्याची तऱ्हा मी पहिल्यांदाच जवळून पाहिली. सूर देणारा नादकाटा वाजवला की त्याचा दांडा दातांत धरतात. मग पियानोच्या लाकडावर कपाळ टेकवून, डोळे मिटून, एका हाताने पट्टी दाबत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवतात. एकेका सुराला एकेक नमस्कार. माणसाची कामावर श्रद्धा असावी तर अशी. मी असं आमच्या गाद्यांवर डोकं टेकवलं, तर मालक घरी पाठवतील.

रखवालदार मागून ओरडत होता, "काका, तुमची गाडी का? काढा! काका! अहो काका!" सासऱ्यांनी मान वळवली नाही. मी त्याला झापलं. कलावंत कामात बुडालेला असताना असं ओरडू नये.

शेवटी त्यांनी धून वाजवली आणि रेकॉर्डर हातात घेतला. "सभागृहाचा पियानो," म्हणाले, आणि थांबले. थांबले ते थांबलेच. मग बटण बंद केलं. वाक्य अर्धंच राहिलं. परतीच्या वाटेवर मी गाडी चालवता चालवता मैफलीबद्दल बोलत होतो. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सभागृहाची कालची फाइल दाबली आणि थाटात वर घेऊन गेलो. टेबलावर स्पीकर ठेवला, लावली. सासऱ्यांनी आज डोळे मिटले होते, बोट तालात हलत होतं. मला वाटलं, स्पीकर हळू झालाय. कान नेऊन लावला. काहीच नाही. आवाज किती पट ठेवायचा हे हुकमात लिहायचं असतं, तिथे माझ्याकडून एकाऐवजी शून्य पडलं होतं. फाइल साफ मुकी.

सासऱ्यांचं बोट तालात हलतच होतं. बराच वेळ. मग डोळे उघडून म्हणाले, "उत्तम. यात तर मुळापेक्षाही जास्त गोडवा आहे."

मला आधी हसू आलं. मग ते जिथल्या तिथे थांबलं. मी उठून त्यांच्या मागे गेलो आणि साध्या आवाजात म्हणालो, "बाबा, घराला आग लागली आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बाबा, तुमचा जावई सगळ्या जगात हुशार आहे." यावरसुद्धा काही नाही. हे ऐकू आलं असतं तर ते गप्प बसणारे नव्हेत.

उत्तम, अत्युत्तम, सगळं डोळ्यांपुढून गेलं. स्वतःसाठी वाईट वाटलं हे कबूल करतो, पण त्याहून जास्त त्यांच्यासाठी वाटलं. इतके दिवस हा माणूस माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होता.

समोर येऊन बसलो. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग फार हळू म्हणाले, "कुणाला सांगू नका. महिना झाला असेल. दोन्ही कान एकदमच गेले. फरक आहे म्हणालो असतो तर कुठला ते विचारलं असतंत. म्हणून उत्तम म्हणत राहिलो."

"आणि सभागृहाचा पियानो?"

"कपाळाने जुळवला. लाकडातून डोक्यात थोडं येतं. बरोबर जुळलाय की नाही ते मला माहीत नाही. उद्या कळेल. ज्या दिवशी मला ऐकू येत नाही हे गावाला कळेल ना, त्या दिवसापासून मी कोण?"

काहीतरी करायचं म्हणून मी स्पीकर टेबलावर पालथा दाबून धरला, बेकरीवाल्यांची मंगळवारची आकडा आठची फाइल लावली आणि त्यांना खूण केली. त्यांनी टेबलावर कपाळ टेकवलं.

क्षणभर काही नाही. मग मान लाल झाली. मग कान लाल झाले. मग ते ताडकन उठले.

"अरे! अरे गाढवा! काय केलंस हे? हा पियानो आहे का डब्यात कोंडलेल्या माश्या? अरे, बेकरीवाल्यांचं काय वाटोळं करून ठेवलंस! आणि मुलगी कुठाय? इथे मागे ती हसते, ते हसू कुठाय?"

मला पहिल्यांदाच "अरे" म्हणाले! उभ्या आयुष्यात इतका आनंद मला कुणी शिव्या दिल्यावर झाला नव्हता. ऐकू येतंय! लाकडातून येतंय, म्हणजे आत सगळं ठीक आहे, अडलंय ते कानाच्या दारात! मी त्यांना मिठी मारली. त्यांनी ती सहन केली. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "मूळ लाव."

मी म्हणालो, "फुगेल ना, बाबा."

पुढचं लिहवत नाही. खाली येऊन एनकोडरला फाइली उलट्या उघडायला लावल्या. उघडल्या. आकार पहिल्याएवढा झाला. आत माश्या त्याच. गादी फुगली, पण तिच्यात कापूस नव्हता.

शनिवार

सकाळीच त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बायको बरोबर. तिला काल सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. बाबांच्या कानांचं तिला आधीच कळलं होतं. ते स्वतःच सांगतील म्हणून ती वाट बघत होती. राहिलेली गोष्ट ओठापर्यंत आली की माझी पाचावर धारण बसत होती.

डॉक्टरीणबाईंनी डाव्या कानात डोकावून "अगंबाई" म्हटलं. उजव्या कानातही "अगंबाई". मग बारीक चिमटा घालून मळाने माखलेला एक गोळा बाहेर काढला. दुसऱ्या कानातून त्याचा जुळा भाऊ. ताटलीत ठेवून त्या म्हणाल्या, "कापूस आहे. बरं, चांगल्या प्रतीचा आहे."

प्रत मी ओळखली. आमचाच माल, वरचा थर.

सासऱ्यांनी खुर्चीत दचकून आजूबाजूला पाहिलं. नळ ठिबकत होता. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. त्यांचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे वळून जरा ओशाळून म्हणाले, "ते तू मागे स्प्रिंगांबद्दल सांगत होतास ना, तू पाणी प्यायला गेलास तेव्हा घातला होता. नंतर काढला. अर्धा आत राहिला असेल, लक्षात नाही आलं."

म्हणजे माझं इतकं मन लावून ऐकलं ते असं. बायको इतकी हसली की डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

तिथून थेट सभागृहात. सासऱ्यांनी एकेक पट्टी दाबून पाहिली. मी नखं खात उभा. सगळा पियानो बरोबर, एक तार सोडून. "ही जरा चढली आहे," म्हणाले. "कपाळाच्या मानाने वाईट नाही." ती उतरवली, आणि गुरुवारचं अर्धं राहिलेलं वाक्य रेकॉर्डरवर पूर्ण केलं. "आता बरा आहे."

मैफल छान झाली. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी सासऱ्यांकडे बघत होतो. या वेळी त्यांचं बोट खरोखरच्या तालात हलत होतं.

रविवार

सकाळी बायकोसमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. मूळ फाइली गेल्या. सगळ्या. बेकरीवाल्यांपासून तुझ्या हसण्यापर्यंत. माझ्या हाताने. गादीचं तत्त्वही सांगितलं.

तिने हातातला कप खाली ठेवला. हेच ते 'बघ' असावं, असं मला वाटलं. मग ती उठली, शिवणाचा डबा उघडला आणि दोऱ्याच्या रिळांखालून एक पेनड्राइव्ह काढला.

"तू काळ्या खिडकीसमोर पहिल्यांदा बसलास ना," ती म्हणाली, "त्याच दिवशी सगळ्या उतरवून ठेवल्या. तुला काय मी आज ओळखते?"

मी तिच्या पाया पडणार होतो, पण तिने आधी कॉम्प्युटर रिकामा करायला सांगितला. जाहिरात काढून टाकली. तशीही भिकार होती, हे बाबा म्हणाले, मी नाही.

दुपारपासून ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलेत. तीनशे विसाच्या खाली जाऊ देत नाहीत, आणि तिथेही समाधान नाही. "पहिली दाबलेली, दुसरी मूळ," डोळे मिटून सांगतात आणि बरोबर सांगतात. "पहिल्यात तिने श्वास घेतलेला ऐकू येत नाही." मी दहादा ऐकलं, मला दोन्हींतही श्वास सापडला नाही. बायकोने एकदाच ऐकलं आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. शेवटी ठरलं, काही दाबायचंच नाही. मोठी डिस्क आणायची.

वर किटलीने शिट्टी मारली. सासरे खालूनच ओरडले, "अगं, किटली! आणि मागे माझ्या बहिणीबद्दल काय काय म्हणालीस म्हणे, ते मला आता सांग बरं!" वर सासूबाईंचा जीव भांड्यात पडला असणार. लगेच भांडण सुरू झालं.

जाण्याआधी त्यांनी खिशातून रेकॉर्डर काढला, माझ्या टेबलावर बोटांनी ती नेहमीची धून टकटक वाजवली आणि गंभीर आवाजात म्हणाले, "माझे कान. आता बरे आहेत." बटण बंद करणार होते, पण माझ्याकडे नजर गेली. पुन्हा तोंडाजवळ नेला.

"जावई. अजून काम आहे."

ती फाइल मी उतरवून घेतली आहे. पूर्ण आकारात.